चौथं नाव

बुकित बातोक, सिंगापूर
१२ ऑगस्ट २००७

प्रिय बाबा,

तुमचं पत्र मिळालं. ज्यांच्या कुळाचा ठावठिकाणा नाही त्यांच्यात मुलगी देणार नाही, हे वाक्य मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा राग आला. मुलगी ही काही देण्याघेण्याची वस्तू नाही, पण तो वाद आज राहू दे. कुळाचंच बोलू.

एर्मेकचे किरगीझ पूर्वज हजार-बाराशे वर्षांपूर्वी सैबेरियात, येनिसे नदीकाठी होते. गेलेल्या माणसांच्या आठवणी दगडांवर कोरत होते. उइघुरांची राजधानी त्यांनी जिंकली. तिथून ते आजच्या तिएन शान डोंगरांत कधी नि कसे आले, यावर पंडितांचं एकमत नाही. पुढे रशियनांनी शेजारच्या कझाकांनाच किरगीझ म्हटलं आणि खऱ्या किरगिझांना 'काळे किरगीझ' ठरवलं. दुसऱ्याने नाव चुकवलं म्हणून कोणी बेवारशी होत नाही. आणि आपण कोकणस्थ मुळात कुठले, यावर तरी कुठे एकमत आहे, बाबा?

तुम्हाला खरं काय लागलं ते मला ठाऊक आहे. मार्चमध्ये तुम्ही इथे आलात, तेव्हा एर्मेक तुआसच्या शिपयार्डातून थेट जेवायला आला होता. तुम्ही घराणं विचारलंत. तो भरल्या ताटावरून उठून उभा राहिला, हेच तुम्हाला आधी खटकलं. उभ्यानेच त्याने बापाकडच्या सात पिढ्यांची नावं म्हणून दाखवली. त्यांच्यात प्रत्येक मुलाला ती यावीच लागतात. मग त्याने तुमची सात विचारली. पितृपक्षात तर्पणाला घेता ती तीन तुम्ही सांगितलीत आणि चौथ्याला अडलात. तुम्हाला वाटलं, पोरगा पाणउतारा करतोय. त्याच्या लेखी तो मान होता. चूक माझी, दोघांनाही आधी सांगायला हवं होतं. पण त्यापायी मी त्याला सोडणार नव्हते.

हे पत्र परवानगीसाठी नाही. एप्रिलमध्ये आम्ही इथे रजिस्टर लग्न केलं आणि फेब्रुवारीत मला बाळ होणार आहे. त्यांच्या यादीत फक्त बापाकडची माणसं असतात. एर्मेकला मी बजावलंय, माझं बाळ दोन याद्या शिकेल. तुम्ही मला परकी म्हणा, पत्रं बंद करा, दार लावून घ्या. माझ्या यादीतलं पहिलं नाव दीनानाथ आहे आणि ते खोडायचा अधिकार तुम्हालासुद्धा नाही.

तुमचीच, तुम्ही नाही म्हणालात तरी,
मधुवंती