खुर्चीत झोपलेला माणूस

१४ मार्च, दुपार

प्रिय टिंगू,

सप्रेम नमस्कार. गुडघा कसा आहे? मी बरी आहे. सकाळच्या शिकवण्या चालू आहेत, घसा तेवढा अधूनमधून संप करतो.

तुझं इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक पाहिलं. तू पाठवलं नाहीस, एका विद्यार्थिनीच्या आईने आणून दाखवलं. म्हणाली, "बाई, तुम्ही पार्टिसिपल शिकवता ते यातलंच की! शब्दन् शब्द. मग आम्ही पुस्तकच घेतो ना." मला हसूच आलं गं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

उकळतं दूध ते 'बॉइलिंग', बोट घातलं तर भाजेल; उकळलेलं ते 'बॉइल्ड', वर साय धरेल. गळता नळ, फुटलेला कप. तीस वर्षं स्वयंपाकघरात वेचलेली वाक्यं माझी. आमचे हे गेले तेव्हा तू आठ दिवस येऊन राहिलीस, आणि निघताना वही मागितलीस. "चाळते आणि लगेच परत करते." मी वर तिला नवं कव्हर घालून दिलं.

तेही जाऊ दे. दूध काय, सगळ्यांच्याच घरी उकळतं.

पण पान चव्वेचाळीस, टिंगू. 'द मॅन स्लीपिंग इन द चेअर इज माय फादर.'

नववीत सिस्टरांनी पार्टिसिपलची दहा वाक्यं घालून दिली होती. मी शाळेतून आले तर बाबा खुर्चीत झोपलेले. उठू नयेत म्हणून बूट हातात घेऊन आत गेले, त्यांच्यासमोर बसून दहाही वाक्यं लिहिली. तासाभराने आई आली. तिने त्यांच्या कपाळाला हात लावला, तेव्हा कळलं.

हे जन्मात एकट्या तुला सांगितलं, शाळेच्या जिन्यात. ते वाक्य वहीच्या शेवटच्या पानावर नुसतं जपून ठेवलं होतं. कधी कोणाला शिकवलं नाही.

तू त्यावर चित्र काढून घेतलंस. उघडं तोंड, नाकावर माशी. मुली त्या पानावर खूप हसतात म्हणे.

माझं नाव नको छापूस. दूध, नळ, कप ठेव तुला. नवी आवृत्ती निघेल तेव्हा तेवढा माणूस मला परत दे. वहीही पाठव. कव्हर फाटलं असलं तरी चालेल.

'तुझी' लिहायला आज हात वळत नाही.

एकेकाळी तुझ्या बाकावर बसणारी