बारकीची तुरपाई

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज पावणेदहा! दुकान नऊला उघडतं — चाळीस वर्षं नऊलाच उघडतंय. बारकी जिन्यावरून उतरत होती ते ऐकत बसलो होतो. एक पायरी, थांबणं. एक पायरी, थांबणं. दादाची चोवीस वर्षांची पोर आणि पाऊल माझ्या आजीसारखं.

आली ती हसतच. म्हणाली, काका, कठडा धरवत नव्हता, भिंतीला विचारत विचारत आले. मी हसलो नाही. घड्याळाकडे बघितलं. मग दिवसभर त्या बघण्याची लाज वाटत राहिली.

संधिवात. दोन वर्षं झाली. डॉक्टरबाई म्हणतात, म्हाताऱ्यांचा तो वेगळा आणि हा वेगळा, यात शरीर स्वतःच्याच सांध्यांशी भांडतं. मी विचारलं, भांडण मिटणार कधी? म्हणाल्या, मिटत नाही, आवरतं ठेवायचं. इथे मी सहासष्टचा, अजून सुईत दोरा एका फटक्यात ओवतो. पार्सल चुकीच्या पत्त्यावर टाकलंय कोणीतरी!

६ फेब्रुवारी

बँकेतल्या बाई कपडे न्यायला आल्या. बारकीच्या सुजलेल्या बोटांकडे बघून — "या वयात?" आणि लगेच एक उपाय. काल पोस्टमनने एक सांगितला, परवा दूधवाल्याने. उपायांचंच दुकान काढलं असतं तर शिंपीकामापेक्षा बरं चाललं असतं. बारकी सगळ्यांना मान डोलावते. बाई गेल्यावर म्हणाली, आजाराने नाही दुखत तेवढी मान हो हो करून दुखते.

१० फेब्रुवारी

मोठं काम आलं. चौकातल्या हॉटेलच्या माणसांची जाकिटं. बावीस, अस्तरासकट, महिनाअखेरपर्यंत.

बारकी लगेच म्हणाली, कातरकाम मी करते.

आता आली का पंचाईत! शिवण चुकली तर उसवता येते, कापड चुकीचं कापलं की संपलं. म्हणून कातरकाम ज्याचं, दुकान त्याचं. आणि शब्द मीच दिलेला, आजाराच्या आधी — पंचविशी लागली की टेबल तुझं आणि पाटीवर नावही तुझं. एप्रिलमध्ये पंचवीस होते. वाटलं होतं, विसरेल. कुठली विसरते!

मी म्हटलं, आधी या जाकिटांची तुरपाई तर कर, मग बघू. 'मग बघू' ऐकून तिने जी मान खाली घातली ती जेवणाच्या वेळेपर्यंत वर केली नाही. पण मोठी कात्री उचलताना माझंच मनगट कुरकुरतं. तिच्या हातून निसटली तर? जीव तुटतो म्हणून नाही म्हणतो, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू?

१३ फेब्रुवारी

काल आठवड्याची गोळी घेतली. आज दिवसभर मळमळ. तरी उतरली. दहाला.

१५ फेब्रुवारी

इथे लिहून टाकतो, दुसरीकडे बोलायची सोय नाही.

तिची तुरपाई बिघडलीय. पहिल्या चार जाकिटांच्या घेरावर टाके असे, जणू कोणी हलत्या गाडीत बसून घातलेत. एक लांब, एक आखूड, एक भलतीकडेच. दुपारनंतर त्याच जाकिटावर ती सरळ होते — माझ्यापेक्षा सरळ! मग दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच. हात आहे की हवामान?

सकाळी सहाला उठलो, चारही उसवली आणि परत घातली. ती उतरायच्या आत इस्त्री फिरवून जागच्या जागी ठेवली.

चोरी केल्यासारखं वाटलं का? खरं सांगायचं तर नाही. मला हे काम कोणी शिकवलं नाही. जुन्या बाजारातून कोट आणायचो, धागा न धागा उसवायचो आणि होता तसा परत शिवायचो. दुसऱ्याचं उसवणं हीच माझी शाळा. त्यात वाईट ते काय?

१९ फेब्रुवारी

आज वहिनी खाली आल्या. दादा गेल्यापासून त्या आणि बारकी वरच्या मजल्यावर, मी दुकानामागच्या खोलीत. सहसा दुकानात येत नाहीत. आल्या म्हणजे काहीतरी शिजलंय.

मी रोज सकाळी काय करतो ते त्यांनी जिन्याच्या खिडकीतून बघितलं होतं. मला वाटलं, आभार मानतील. म्हणाल्या, "भावजी, काम द्यायचं तर द्या. नसेल द्यायचं तर तोंडावर नाही म्हणा. हे असलं नको."

मी म्हटलं, तिला वाईट वाटू नये म्हणूनच ना. वहिनी म्हणाल्या, वाईट वाटायची तिला सवय आहे, फसवून घ्यायची नाही. आणि गेल्या वर.

मला राग आला. मी तळहातावरच्या फोडासारखं जपतोय पोरीला! सांगेन तिला. जाकिटं एकदा हातावेगळी होऊ देत.

२० फेब्रुवारी

सांगितलं नाही.

२४ फेब्रुवारी

कळलं तिला.

दुपारी चहा ठेवून वळलो तर तिने एक जाकीट उलटं करून खिडकीशी धरलेलं. बोटाने टाक्यांवरून हळूहळू चाललेली. माझा टाका किंचित उजवीकडे झुकतो, तिचा उभा असतो. मीच दाखवला होता तो फरक, ती आठवीत असताना.

"ही माझी तुरपाई नाही."

मी म्हटलं, चार-दोन टाके सैल पडले होते, म्हणून.

"चौदा जाकिटं आहेत. सगळी बघितली मी." आवाज चढला नाही तिचा. चढला असता तर बरं झालं असतं. "वाकडं होतं तर माझ्या पुढ्यात टाकायचंत. मी उसवलं असतं. तुम्ही तसंच शिकलात ना?"

तुम्ही! मांडीवर बसायला लागल्यापासून मला अरे-तुरे करणारी पोर.

मी काहीबाही बोललो. हाताला आराम, डॉक्टरबाई काय म्हणाल्या, लोक काय म्हणतील. ती सुई पिनकुशीत खोचेपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, "दोन वर्षं मी दुखणारी बोटं घेऊन इथे कामाला येतेय असं मला वाटत होतं. तुमच्या लेखी मी खेळायला येत होते."

जिना चढताना एकदाही थांबली नाही. किती दुखलं असेल!

२५ फेब्रुवारी

आली नाही. नऊ वाजले, दहा वाजले, अकरा. तिच्या स्टुलावर गिऱ्हाईक बसायला लागलं, त्याला उठवलं.

२८ फेब्रुवारी

उरलेली आठ एकट्याने पुरी केली. हॉटेलचा मॅनेजर घेर उलटून बघत म्हणाला, तुरपाई काय सुरेख आहे. मी म्हटलं, आमच्या पोरीचं काम. तोंडातून निघून गेलं. तो गेल्यावर स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

१ मार्च

वर गेलो. वहिनींनी दार उघडलं आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

बारकी गरम पाण्यात हात बुडवून बसली होती. मी चुकलो म्हटलं. सरळ म्हटलं, आडपडदा न ठेवता. ती म्हणाली, बरं. मग मी — गप्प बसलो असतो तर! — म्हणालो, परत ये, नुसती माझ्याशेजारी बस. बटणं निवड, गिऱ्हाइकांशी बोल. तुला कसला म्हणून त्रास होऊ देणार नाही.

तिने पाण्यातून हात काढले. पुसायला वेळ लागला. एकेक बोट वेगळं पुसत होती.

"काका, त्रास तर होणारच आहे. तो धरूनच मला काम करायचंय."

खाली उतरलो आणि पट्टी धरून एक रेघ मारली, तीही वाकडी आली.

४ मार्च

डॉक्टरबाईंवर राग. गोळीवर राग. उपाय सांगणाऱ्यांवर तर आहेच. आज बँकेतल्या बाईंनी विचारलं, पोरगी दिसत नाही? मी म्हटलं, आराम करतेय. त्या म्हणाल्या, बरं केलंत. आणि मला त्यांचाच राग आला. मी तेच तर सांगत होतो ना दोन वर्षं! दुसऱ्याच्या तोंडून इतकं वाईट ऐकू येतं?

दुपारी ती रस्ता ओलांडून समोरच्या कोटवाल्याकडे जाताना दिसली. एक नंबरचा खडूस माणूस. वीस वर्षं समोरासमोर दुकानं, पण मान हलवण्यापलीकडे ओळख नाही. दोरा आणायला गेली असेल.

७ मार्च

बारकी सांगायला आली. कोटवाल्याकडे लागली. कातरकामावर, रोज बारा ते सात.

मी म्हटलं, त्याने हात बघितले का तुझे?

बघितले म्हणाली.

मग काय म्हणाला?

"म्हणाला, हे किती वाजता सुरू होतात?"

दोन वर्षं रोज सकाळी माझ्यासमोर बसत होती. मी एकदाही विचारलं नाही.