बादलीबाईला आलेले फोन

सोमवार, ३ जून

"विद्यार्थ्यांशी जवळीक वाढवा!" – कोर्सच्या साहेबांचा उपदेश. कशी वाढवू? माझा कॅमेरा चालू, बाकी स्क्रीनभर काळ्या चौकटी. शरीरशास्त्र शिकवते, पण एकाचं नाकसुद्धा पाहिलेलं नाही!

एकीवर मात्र जीव जडलाय. दवाखान्यात आया आहे, नर्स व्हायचंय. काम करता करता तास ऐकते, मागे सारखी बादली खडखडते – म्हणून बादलीबाई. आज म्हणाली, "मॅडम, सोडते कोर्स. डोक्यात काही शिरत नाही." म्हटलं, "गप गं! पुन्हा नाव काढलंस तर बघ." सोडलं तर जन्मभर फरशीच पुसत बसेल पोर.

बुधवार, ५ जून

घसा पार बसला. हूं की चूं निघत नाही. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर बोलायचं नाही. नवरा खुशीत – "काय शांतता आहे घरात!" मेल्याला उशी फेकून मारली.

शुक्रवार, ७ जून

बादलीबाईचा मेसेज – "मॅडम, काल फोनवर किती छान समजावलंत! हृदयाचे कप्पे आता कळले. नाही सोडत कोर्स."

काल?? काल मी पाणीसुद्धा खुणेनं मागत होते!

शनिवार, ८ जून

साहेबांना लिहून विचारलं, माझा आवाज काढणारं यंत्रबिंत्र लावलंय का? उत्तर – "छे हो! पण सगळ्यांना रोज फोन करताय म्हणे. फार खूश आहेत. असंच चालू द्या."

नवरा म्हणतो, "फुकटात कोणी राबतंय, तर राबू दे की." याला विनोद सुचतायत.

सोमवार, १० जून

बादलीबाईला लिहिलं – ती मी नाही, फोन घेऊ नकोस. तिचं उत्तर – "असा मेसेज येईल, हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं. कोण तुम्ही?" आणि मला ब्लॉक केलं.

रडले. मग भयंकर चिडले. माझी विद्यार्थिनी आहे ती! कुणाच्या नादी लागलीय, काय होईल तिचं?

मंगळवार, ११ जून

डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिलं. "घसा तर बरा आहे. आवाज यायला हवा होता." तोंड उघडून पाहिलं – नुसती हवा!

प्रवेशअर्जावर तिचा पत्ता सापडला. उद्या जाते. चेहरा तरी ओळखेल.

बुधवार, १२ जून

तिच्या जिन्यात बसून लिहितेय. बेल वाजवली तेव्हा आतून हसू आलं – माझं हसू. मग बादलीबाई म्हणाली, "तुम्ही बसा मॅडम, मी बघते." दार उघडलं. मी तिच्यापासून हातभर अंतरावर. तिनं जिन्यात वर पाहिलं, खाली पाहिलं.

"कोणीच नाहीये, मॅडम."