आत्याच्या गोळ्या आणि आमची वेल

ती. आत्या,

तुला वाकून नमस्कार. (खरोखर वाकून, लिहायला बसलो आणि पेन खुर्चीखाली गेलं.) तब्येत कशी आहे हे विचारायची रीत आहे म्हणून विचारतो, पण उत्तर तुझ्या पत्रात आधीच आलंय आणि ते वाचून माझी तब्येत बिघडली आहे. तू लिहितेस की मी पाठवलेल्या औषधाच्या बाटलीने कमाल केली. दोन चमचे सकाळी, दोन संध्याकाळी, धाप कमी झाली आणि परवा तू दोन मजले न थांबता चढून गेलीस, वरच्या शेजारणीला दार उघडायला लावलंस आणि काहीच काम नसल्यामुळे परत आलीस. इथवर मी खूश होतो. पुढच्या ओळीत तू लिहितेस की डॉक्टरांच्या गोळ्या आठ दिवसांपासून कपाटात ठेवून दिल्या आहेत, घरचा शास्त्रज्ञ असताना परक्याच्या गोळ्या कशाला म्हणून.

चूक माझी, कबूल. गेल्या सुट्टीत सगळे जेवायला बसलो होतो तेव्हा काकांचे जावई आपल्या नव्या गाडीचं पुराण सांगत होते (ती गाडी काही केल्या संपेना), आणि मला राहवलं नाही. मी म्हणालो की आम्ही प्रयोगशाळेत एका वेलीच्या पानांतून असं द्रव्य काढलंय, जे फुफ्फुसांतल्या आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करतं. तू हातातला घास तसाच धरून माझ्याकडे पाहिलंस, कारण तुझा आजार तोच. दंडाला पट्टा बांधून मोजतात तो दाब तुझा ठणठणीत, पण हृदयातून फुफ्फुसांत जाणाऱ्या रक्तवाहिन्यांमधला दाब चढलेला, आणि हृदय तिथे रेटून रेटून थकतंय. त्याच वेळी मी एक गोष्ट सांगायला हवी होती. सैल करतं, पण उंदरांच्या. तेही आम्हाला वाटतं. आणि 'आम्ही' म्हणजे आमच्या प्रमुख बाई. मी पानं वाळवतो, दळतो, अल्कोहोलमध्ये भिजवतो, गाळतो आणि बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवतो. अकरा वर्षं हेच करतोय. चिठ्ठ्या सरळ चिकटवण्यात मात्र माझा हात कोणी धरू शकत नाही.

आता त्या वेलीबद्दल आम्हाला नक्की किती कळलंय ते ऐक, म्हणजे घरच्या शास्त्रज्ञावर किती विसंबायचं ते तुझं तूच ठरवशील. आमच्याकडे चोवीस उंदीर आहेत, सगळ्यांना तुझाच आजार. (तो त्यांना आम्हीच दिलेला असतो. यावर तू काय बोलशील ते मला माहीत आहे, पण ते नंतर बोल.) बारा पिंजऱ्यांना लाल पट्टी, बारांना निळी. एका रंगाच्या उंदरांना वेलीचा अर्क, दुसऱ्या रंगाच्यांना तशाच रंगाचं नुसतं पाणी. कुठल्या बाटलीत काय आहे ते फक्त बाईंना ठाऊक, आणि ती चिठ्ठी त्यांच्या कुलपातल्या खणात. कारण औषध कुणाला मिळतंय हे कळलं, की माणसाला तोच उंदीर टवटवीत दिसायला लागतो. शेवटी दोन्ही गटांचा दाब मोजायचा आणि फरक पाहायचा. सगळं शास्त्र त्या फरकात आहे.

आमच्याकडे पिंजरे सांभाळायला एक वयस्क गृहस्थ आहेत, त्यांना सगळे उंदीरमामा म्हणतात. स्वभावाने देवमाणूस. उंदरांशी ते जितकं बोलतात तितकं माझ्याशी कुणी बोलत नाही. रोज त्या दोन बाटल्यांतून ड्रॉपरने थेंब पाजायचं काम त्यांचं. पाच महिने त्यांनी ते एक दिवसही न चुकवता केलं. मागच्या सोमवारी बाईंनी सगळे आकडे मांडले आणि आलेख काढला. लाल आणि निळी, दोन्ही रेघा एकमेकींवर अशा चिकटून बसल्या की बाईंना वाटलं छपाई चुकली. फरक नावालाही नाही. म्हणजे वेल कुचकामी, पाच महिने पाण्यात, आणि पंधरवड्याने बाईंना हेच सगळं मोठ्या सभेत उभं राहून सांगायचं होतं. बाई आलेखाकडे पाहत राहिल्या, मी जमिनीकडे. तेवढ्यात उंदीरमामा झाडू घेऊन आत आले आणि आमची तोंडं पाहून धीर देत म्हणाले, "काळजी करू नका बाई, मी कुणावरही अन्याय होऊ दिलेला नाही."

झालं होतं असं की अर्काची बाटली कुठली, हे त्यांनी पहिल्याच दिवशी वासावरून ओळखलं होतं. (रंग जुळवायला आम्ही तीन आठवडे घालवले. वासाचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.) आजारी सगळे असताना अर्ध्यांनाच औषध द्यायचं हे त्यांच्या मनाला पटेना. म्हणून ते रोज सकाळी दोन्ही बाटल्यांतलं लागेल तेवढं एका भांड्यात ओतायचे, ढवळायचे आणि चोवीस जणांना सारखं वाटायचे. हे सांगताना त्यांचा चेहरा अभिमानाने फुलला होता. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि मग एवढंच म्हणाल्या की वेल चांगली की वाईट, हे आता देवालाही सांगता येणार नाही. सगळं नव्याने सुरू करायचंय. उंदीरमामांनी नुसतं पाणी पाजायला साफ नकार दिला, त्यामुळे ते काम आता माझ्याकडे आलंय.

तर आमचं ज्ञान हे असं आहे. बाकी सगळं ठीक. घरच्यांना यथायोग्य सांग.

तुझा,
ठोंब्या

ता. क. : फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र धाकट्या वहिनीच्या हाती आजच पाठवतोय. तुझ्या डॉक्टरांना तिने कळवलंय, ते तुझी वाट पाहत आहेत. त्या गोळ्या एकदम सोडल्या तर दाब अचानक उसळतो, आत्या. किती दिवस बंद आहेत हे त्यांना खरं सांग आणि ते म्हणतील तशा आजपासून सुरू कर. तू डॉक्टरांकडे जाऊन गोळी घेईपर्यंत वहिनी तुझ्याजवळून हलणार नाही.

ता. क. २ : बाटलीबद्दल. प्रयोगशाळेतला अर्क बाहेर नेता येत नाही, आणि तू मागितलास तेव्हा नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. त्या बाटलीत खूप वेळ उकळलेला कोरा चहा आहे. कडूपणासाठी संत्र्याची साल घातली. मला वाटलं गोळ्या चालूच आहेत, वरून हे घेतलंस तर बिघडतंय काय. (वहिनीला हे ठाऊक नाही. तिला सांगू नकोस, ती मला घरात घेणार नाही.)

ता. क. ३ : मग दोन मजले कसे चढले, असं तू विचारशील. मला माहीत नाही. बहुतेक मी दिलंय म्हणून चढलीस, आणि त्याच विचाराने दोन रात्री मला झोप नाही. शनिवारी मी येतोय. समोर बसवून मला हव्या तेवढ्या शिव्या दे, मी मान वर करणार नाही. पण तोवर गोळ्या घे. आई गेल्यापासून मला हक्काने शिव्या देणारं तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.