वजा अठ्ठावीस

सोमवार, १ सप्टेंबर

आधी दुरुस्ती. शुक्रवारी मी इथे लिहिलं होतं की आरोग्य केंद्राने घरोघरच्या तपासणीसाठी मला दिलेलं रक्तदाबाचं मशीन उत्तम चालतं. ते चूक होतं. मशीन बिघडलेलं आहे. ही रोजनिशी माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, पण चुकीचं वाक्य वहीत तसंच पडून राहिलं तर मला झोप लागत नाही.

कसं कळलं ते लिहून ठेवते. आमची पद्धत अशी, की कोणाच्याही घरी गेलं की पट्टा आधी आपल्या दंडाला बांधायचा. दुखत नाही हे लोकांना दिसतं, त्यांची भीती जाते. आज पहिल्या घरी बांधला. वरचा आकडा एकशे अठ्ठेचाळीस. मला हसू आलं. घरातल्या काकूंना आलं नाही. त्यांनी हात पाठीमागे घेतला.

मी सव्वीस वर्षांची. दहाला झोपते. बाहेरचं खात नाही. लिफ्ट असली तरी जिना चढते. आणि एकशे अठ्ठेचाळीस? दुसऱ्या घरीही तेवढाच. तिसऱ्या घरीही. म्हणजे मशीन चुकतं, पण इमानदारीने चुकतं. दर वेळी तेवढंच.

संध्याकाळी

बाबांना विचारलं. बाबा वजनमापे निरीक्षक होते. निवृत्त झाले तरी अजून त्यांना लांबून येताना पाहून दुकानदार काटा पुसायला घेतात. मला शाळेत उशिरा घातलं. त्याआधीचं सगळं शिक्षण घरी, जेवणाच्या टेबलावर, मध्ये तराजू ठेवून. मी बेरजेच्या आधी वजाबाकी शिकले. बाबांचा धडा असा, की काटा चुकतो म्हणून फेकून द्यायचा नाही. ज्याची खात्री आहे असं प्रमाण वजन पारड्यात टाकायचं, चूक किती ते काढायचं, आणि पुढच्या प्रत्येक मापातून तेवढी वजा करायची.

मी एवढंच विचारलं, की चूक कायम सारखीच असेल तर वजा करून काम चालतं ना. चालतं म्हणाले, पेपरातून मान वर न करता. कशाचा काटा ते त्यांनी विचारलं नाही.

प्रमाण वजन: मी. असायला हवा: एकशे वीस. चूक: अठ्ठावीस. उद्यापासून प्रत्येकाच्या रीडिंगमधून वजा अठ्ठावीस.

फार हलकं वाटतंय.

मंगळवार, २ सप्टेंबर

पद्धत छान चालते. लोकांचे चेहरे खुलतात.

आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर आत्या राहते. बाबांची मोठी बहीण. बरीच वर्षं रक्तदाबाच्या गोळ्या घेते. मशीन म्हणालं एकशे बावन्न. वजाबाकी करून एकशे चोवीस. आत्याने मला पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाली, म्हणजे इतकी वर्षं मी त्या केमिस्टचा संसार चालवला. मी लगेच बजावलं की गोळ्यांचं डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करायचं नाही. विचारते म्हणाली. माझं कर्तव्य झालं.

कोपऱ्यावरचे शिंपीकाका. मशीन एकशे बहात्तर, खरा एकशे चव्वेचाळीस. थोडा जास्त, पण दिवसभर खाली मान घालून बसणाऱ्या माणसाचा एवढा असणारच. मीठ कमी करा म्हटलं. ते म्हणाले, मुलगी मोठ्या हॉस्पिटलात चला म्हणून मागे लागली आहे, आता तिला सांगतो की मॅडमनी बघितलंय. मॅडम म्हणाले मला.

सकाळी डोक्याची मागची बाजू दुखत होती. उशी बसलेली आहे. नवी आणायची.

गुरुवार, ४ सप्टेंबर

एक गंभीर गोष्ट लक्षात आली आहे. आमच्या वॉर्डात कमी रक्तदाबाची साथ आहे. असं कसं कोणाच्या ध्यानात आलं नाही?

आज व्यायामशाळेतला ट्रेनर. मशीन एकशे बारा, म्हणजे खरा चौऱ्याऐंशी. आणि हा माणूस दोन्ही हातांत लोखंड घेऊन उभा. मी त्याला खाली ठेवायला लावलं. मग बसवलं. मग सतरंजीवर आडवं केलं. मला काही झालेलं नाही, असं तो सारखं सांगत होता. अशा रुग्णांना कळतच नाही. मीठ घातलेलं पाणी दोन ग्लास पाजलं. त्यानंतर त्याला खरोखरच मळमळायला लागलं. वेळेवर पोचले म्हणायचं.

निघताना मलाही जिन्यात जरा गरगरलं. त्याच्या काळजीने.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

स्वतःच्या सोयीसाठी सरकारी वस्तूची चूक लपवणं बरं नव्हे. स्टोअरकीपरकडे मशीन परत केलं. त्याने ते मेलेला उंदीर धरावा तसं धरून ठेवलं आणि विचारलं, काय केलंत याला. दुसरं दिलं.

दुसऱ्यावर मी एकशे पन्नास. हे तर पहिल्याहून वाईट. दोन्ही एकाच खोक्यातली, असं स्टोअरकीपर म्हणाला. म्हणजे अख्खा खोकाच गेला. खात्याच्या खरेदीबद्दल मी काही लिहिणार नाही.

वजा तीस.

सोमवार, ८ सप्टेंबर

केंद्रातल्या सिस्टरना मशीनबद्दल विश्वासात घेतलं. त्यांनी सरळ स्वतःच्या दंडाला पट्टा गुंडाळला. एकशे अठरा. म्हणाल्या, मशीनला धाड भरलेली नाही. मी मनात हिशेब केला. अठ्ठ्याऐंशी. त्या दिवसभर उभ्या असतात. मी उठून माझी खुर्ची त्यांना दिली.

सिस्टरनी खुर्चीत बसून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाल्या, चार वाजता ओपीडीत ये, डॉक्टर तुला बघतील. मला कशाला? पण नाही म्हटलं नाही, त्यांची तब्येत अशी. चारला रिपोर्टचं काम निघालं. खरंच निघालं. म्हणजे मी काढलं, पण करायचं होतंच.

नवी उशी आणली. डोकं तसंच आहे. नवी उशी अंगवळणी पडायला वेळ लागतो.

मंगळवार, ९ सप्टेंबर

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. साहेब म्हणजे आमचे वैद्यकीय अधिकारी. मशीनवरून बोलणी बसतील असं वाटलं होतं. पण रागवायला बोलावलंच नव्हतं. वाढलेल्या रक्तदाबाचे रुग्ण सगळ्या वॉर्डांत वाढले, फक्त माझ्या वॉर्डात निम्म्याहून कमी झाले. हे कसं केलं, असं विचारलं.

मी काहीही लपवलं नाही. मशीनची चूक, प्रमाण वजन, वजाबाकी, सगळं क्रमाने सांगितलं. साहेबांनी मध्येच फोन घेतला. फोन संपल्यावर म्हणाले, हे फार टेक्निकल होतंय, रिपोर्टात नुसता आकडा राहू दे. मग कमी रक्तदाबाच्या साथीचं सांगितलं. ती आपल्या टार्गेटमध्ये नाही, म्हणाले. ते पान काढून घेतलं.

१९ तारखेला, शुक्रवारी, माझा सत्कार आहे. त्यानंतर बाकीच्या वॉर्डांतल्या मुलींना मी माझी पद्धत शिकवायची.

भाषण लिहायला घेतलं. बाबांचा उल्लेख करीन. रडू येणार नाही असं वाक्य हवं.

गुरुवार, ११ सप्टेंबर

भाषणाचा दुसरा खर्डा. पहिल्यात ‘मी’ फार वेळा येत होतं.

आत्याला दोन दिवस गरगरतंय. भाषण वाचून दाखवायला गेले तर भिंतीला हात लावून दार उघडलं. लगेच तपासलं. मशीन एकशे ऐंशी. वजा तीस. थोडा वाढलेला आहे, पण वयाबरोबर चढउतार होतातच. आराम कर म्हटलं. आत्या म्हणाली, तू आहेस म्हणून बरं, नाहीतर कोणी उगाच घाबरवलं असतं.

भाषण तिला आवडलं. अर्ध्यावर डोळे मिटून ऐकत होती.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

आत्या हॉस्पिटलात.

सकाळी दूधवाल्याने बेल वाजवली, दार उघडेना. बाबांनी किल्लीने उघडलं. आत्या मोरीच्या दारात बसलेली. उठवेना. उलटी झालेली. बोलायची, पण शब्द जड. मी आणि बाबांनी धरून गाडीत घातलं.

तिथे भिंतीवर टांगलेलं जुनं पाऱ्याचं यंत्र. वरचा आकडा दोनशेच्या जवळ. मी सवयीने तीस वजा केले. मग आठवलं, हे आमच्या खोक्यातलं नाही.

गोळी कोणती चालू आहे, असं डॉक्टरांनी विचारलं. आत्या म्हणाली, बंद केली. कधी? गेल्या आठवड्यातल्या मंगळवारी. कोणी सांगितलं? आत्याने माझ्याकडे पाहिलं नाही. छताकडे बघत म्हणाली, “कोणी नाही. माझं मीच.”

डॉक्टर बाबांना म्हणाले की आणखी उशीर झाला असता तर वाचा गेली असती, कदाचित बाईच गेल्या असत्या.

मग मी बोलले. आमचं मशीन जास्त दाखवतं, कारण माझ्यावर एकशे अठ्ठेचाळीस दाखवतं, आणि मला तर काहीच होत नाही. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. मला स्टुलावर बसवलं, पट्टा बांधला, पारा वर चढवला आणि सोडला. एकशे बावन्न.

म्हणाले, “आता याचंही काही बिघडलं असेल तर सांगा.”

डोकं दुखतं का, गरगरतं का, हे नंतर विचारलं. उशीचं मी सांगितलं नाही.

शनिवार, १३ सप्टेंबर

बाबांना व्हरांड्यातल्या बाकावर सगळं सांगितलं. पहिल्या एकशे अठ्ठेचाळीसपासून. ते चष्मा पुसत राहिले. मला वाटलं रागावतील. चष्मा डोळ्यांवर चढवून म्हणाले, “प्रमाण वजनसुद्धा ठरल्या वेळी तपासायला न्यावं लागतं गं. तेही झिजतं. तो पुढचा धडा होता. तोवर तुझं नाव शाळेत घातलं.”

मी म्हटलं, तुमची चूक नाही. ते म्हणाले, आहे थोडी. मग त्यांनीही हॉस्पिटलातल्या सिस्टरसमोर बाही वर केली. त्यांचाही जास्त निघाला. घराण्यात आहे म्हणे. इतकी वर्षं सगळ्या गावाचे काटे तपासले, हा एवढा राहिला.

मला गोळी लिहून दिली आहे. आजपासून घ्यायला सांगितली आहे. घेतली. बाकी तपासण्याही करायच्या आहेत.

आत्याचं बोलणं सुधारलं आहे. मी तिच्या उशाशी बसून पुढचं सगळं नीट आखलं आणि तिला वाचून दाखवलं. सोमवारी साहेबांना लेखी कळवायचं. मंगळवारी माझ्या तपासण्या. बुधवारी सगळे आकडे पुन्हा मूळचे करायचे. गुरुवारी, १८ तारखेला, घरोघरी जाऊन पुन्हा मोजायचं, पहिल्या गल्लीपासून क्रमाने, म्हणजे कोणी सुटणार नाही. सत्काराच्या आदल्या दिवशी सगळं स्वच्छ.

आत्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, यात शिंपी कुठे येतो. त्यांचे एकशे बहात्तर आणि ‘मॅडम’ दोन्ही मीच तिला सांगितलं होतं. मी बघून सांगितलं, गुरुवारी दुपारनंतर.

“अगं शहाणे,” आत्या म्हणाली. जीभ अजून थोडी जड आहे, त्यामुळे हळू म्हणाली. “मी तुझं नाव डॉक्टरला सांगितलं नाही, मी तुझी आत्या आहे. तो शिंपी तुझा कोण लागतो? त्याने गुरुवारपर्यंत दम धरावा, असं कोणी सांगितलंय त्याला?”

मी म्हटलं की आधी साहेबांना न कळवता परस्पर लोकांकडे जाणं नियमात बसत नाही. आत्याने कूस बदलली. पाठ माझ्याकडे.

सोमवारी सकाळी आधी शिंपीकाकांकडे जाऊन मग साहेबांकडे गेलं तर?

सोमवारी दुकान उघडं असतं. गिऱ्हाइकांसमोर त्यांना कसं सांगायचं, आणि मला कसं सांगता येणार. उद्या सुट्टी. ते घरी असतील. मुलगीही असेल. ती काय बोलेल ते बोलू दे. काही वजा न करता मशीनवरचा आकडा दोघांना दाखवायचा आणि त्यांना तसंच हॉस्पिटलात घेऊन यायचं. मग व्यायामशाळा, मग बाकीचे.

भाषणाचे दोन्ही खर्डे फाडले. दुसरा खरंच चांगला झाला होता.

उद्या, रविवार, १४ सप्टेंबर.