पाहुण्यांसाठी कापलेला बोकड

दिक्सम, सोकोत्रा बेट
९ ऑक्टोबर

चि. थानीस, थोरल्या भावाचा सलाम व आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. गुरुवारी सकाळची नमाज आटोपून मी चूल पेटवत होतो, तेव्हा तीन परके गृहस्थ दारात आले. आपल्यात पाहुण्याला जेवण्याआधी काम विचारत नाहीत. मी बोकड कापला. पांढरी गिधाडं नेहमीसारखी हातभर अंतरावर आतड्यांची वाट बघत बसली. चहा झाल्यावर एकजण म्हणाला की तुमच्या धाकट्या भावानं कड्याकाठची जमीन मोजायला पाठवलंय, हॉटेल बांधायचंय. माझं मीठ खाल्लेल्यांना मी हाकलणार कसा? तुला हे ठाऊक होतं, म्हणूनच तू आधी कळवलं नाहीस.

जमीन दोघांची, वाटणी झालेली नाही. कपारीत गिधाडांची घरटी आहेत, माथ्यावर लाल चिकाचे रक्तवृक्ष. अल्लानं हे झाड दुसरीकडे कुठेच लावलेलं नाही. सुरुंग लागले की सगळं गेलं. माझी सही मिळणार नाही.

आई बरी आहे. तुझी चौकशी करते. मी विषय बदलतो.

लोभ जेमतेम शिल्लक आहे, तो राखावा.
आमर

अजमान, संयुक्त अरब अमिरात
२३ ऑक्टोबर

ती. भाऊस सलाम वि. वि.

तुझी सही लागणारच नाही म्हणे. बोकड कापलास ते साऱ्या गावानं पाहिलं. पाहुण्याला बोकड कापला म्हणजे जमीन दाखवायला राजी, असं म्हणून आपला मुकादम, गावचा मुखिया, तोच होकार धरून बसलाय. त्या तिघांतले हॉटेलवाले साहेब अजून तुझ्या मटणाचं कौतुक करतात.

आता झाडांचं. गुडघ्याएवढा एक तरी लहान रक्तवृक्ष मला दाखव. उभी आहेत ती सगळी आजोबांच्याही आधीची. रोपं कुणी खाल्ली, हॉटेलनं? बाबांच्या खुणेनं कान कातरलेल्या तुझ्या शेळ्यांनीच ना? मी एकदम संपवीन, तू सावकाश संपवतोयस. माझ्यामुळे निदान गावच्या पोरांना कामं तरी मिळतील. दिवसातून पाच वेळा कपाळ टेकतोस, एकदा डोकं वर करून बघ.

नव्या वर्षात साहेबांना घेऊन येतोय. बोकड तयार ठेव.

लोभाचं तुझं तू बघ.
थानी

दिक्सम
४ डिसेंबर

चि. थानीस सलाम. आशीर्वाद या खेपेला राखून ठेवले आहेत.

तुझं पत्र वाचून रात्री जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी कड्यावर गेलो. झाडाखाली एक रोप सापडेना. दुपारची नमाज तिथेच पढलो, आणि कपाळ टेकलं तर नाकासमोर एक खुरटं रोप, शेंडा नुकताच कुरतडलेला. डोकं वर करून बघ म्हणालास. मला ते डोकं खाली असतानाच दिसलं.

सगळ्या शेळ्या खाली नोगेदच्या किनाऱ्याला आपल्या बहिणीकडे, मौझाकडे, हाकलून दिल्या. तिचा नवरा पोट धरून हसला. म्हणाला, शेळ्यांवाचून दिक्समचा माणूस म्हणजे दाढीवाचून बोकड. आई त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. बाबांची खूण मी घालवली म्हणते.

मग हदिबोला काझीपुढे जाऊन माझा अर्धा हिस्सा वक्फ करून आलो, तिथल्या पाखरांच्या आणि झाडांच्या नावे. आता तो मलाही विकता येणार नाही, माझ्या पोरांनाही नाही. तुझा अर्धा तुझाच आहे. वाटणी हवी असेल तर यापुढे गिधाडांशी बोल.

साहेबांना जरूर आण. बोकड नाही, खजूर आणि पाणी आहे. तेही पुढे ठेवण्याआधी मी दारातच विचारीन, काय काम काढलंत.

लोभ असो वा नसो, तुझा थोरला भाऊ,
आमर