विचारणंही गुन्हा

आई,

रायपूरच्या गोल बाजारातल्या त्या जडीबुटीच्या दुकानात तू ओवा मागितलास, सुंठ मागितलीस, खसखस मागितलीस आणि त्याच आवाजात विचारलंस, "भैया, थोड़ी अफीम मिलेगी क्या?" पिशवी माझ्या हातात होती. शेजारच्या दोन बायका वळून बघायला लागल्या. दुकानदार भला माणूस, पुडी बांधता बांधता हळूच म्हणाला की दीदी, असं कुणाला विचारत जाऊ नका. तुला कळेना, चुकलं काय. तुझ्या माहेरी, वऱ्हाडात, आजोबांच्या शेवटच्या दुखण्यात मोहरीएवढी अफू देत, एवढंच तुला ठाऊक. इकडे बाबांच्या मणक्यात कॅन्सर उतरलेला. जन्मभर रेल्वेत राबलेला माणूस, पण कूस बदलायची म्हटलं की उशीत तोंड खुपसायचा.

पुरानी बस्तीतल्या घरी आल्याबरोबर मी तुला फैलावर घेतलं. राज्य नवं, राजधानी नवी, आणि विधी विभागात मी नवी टायपिस्ट. त्याच आठवड्यात अमली पदार्थांच्या शिक्षांचं परिपत्रक टाइप केलं होतं, त्यामुळे कशाला किती कैद ते तोंडपाठ. सगळं तुला ऐकवलं. तू गॅसपाशी उभी आहेस, खसखस भाजते आहेस, तुझा हात थांबत नाही.

"म्या चोरी केली का? त्याइले दुखते म्हून विचारलं."

"विचारनंबी गुन्ह्यात येते, आई. माही नोकरी जाईन."

"बरं. नाही विचारत आता कोनाले."

त्या खसखशीची तू खीर केलीस आणि पहिली वाटी मलाच दिलीस. बोलणी खाऊन वर बोलणारीलाच वाढायचं, हे तुलाच जमायचं. मी दुसरी वाटीही मागून घेतली.

पण तू शब्द पाळलास. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी, आणखी काही विचारायचंय का, म्हटलं तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस आणि नुसती नकारार्थी मान हलवलीस. त्यानंतर बाबा तीन महिने होते. तू गरम फडक्यानं त्यांची पाठ शेकत राहिलीस. ते गेल्यावर शेजारणीनं सांगितलं की अफूपासून केलेलं दुखण्यावरचं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर रीतसर मिळतं. मला माहीत असतं तर, म्हणत मी तुझ्या मांडीवर रडले. "तुले तरी काय मालूम, पोट्टी," म्हणून तू माझे केस सारखे केलेस.

आता ऑफिस नवा रायपुरात आहे. बस चुकली की त्या रुंद रस्त्यावर तासभर उभं राहायचं. परवा तेच जुनं परिपत्रक दुरुस्तीसाठी माझ्या टेबलावर आलं. पहिल्या पानावर शिक्षा, दुसऱ्यावर सवलत: असह्य दुखण्यात, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच लिहायचा धीर झाला.

आई, ते दुसरं पानही मीच टाइप केलं होतं. डॉक्टरांच्या खोलीत, तू माझ्याकडे पाहिलंस तेव्हा, ते मला आठवलंही होतं.